सत्तर लाखांचा टॉम बॉइड : वसूल की फुकट?

वेस्टगेटकर
शनिवारी टार्नीटला मित्राकडे श्रीखंड-पुरीवर ताव मारताना पुन्हा तोच विषय निघाला. टॉम बॉइडवर मेलबर्नच्या बुलडॉग्जनी ओतलेले पैसे वसूल झाले का? तिथं आवाज फार चढले, वहिनींनी डोळे वटारले, म्हणून इथं लिहितोय.

फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. एएफएलमध्ये, म्हणजे फूटीच्या मुख्य लीगमध्ये, दुसऱ्या क्लबच्या करारात असलेला खेळाडू नुसते पैसे फेकून उचलता येत नाही. बदल्यात आपला खेळाडू द्या, नाहीतर ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) आपला नंबर द्या. वर पगारांना सॅलरी कॅप, म्हणजे एकाला जास्त दिले की दुसऱ्याच्या ताटातलं कमी होणार. २०१४ चा सीझन संपल्यावर वेस्टर्न बुलडॉग्जचा कप्तान रायन ग्रिफन म्हणाला, मला सिडनीच्या जायंट्सकडे जायचंय. लगोलग कोच ब्रेंडन मकार्टनी गेले. अ‍ॅडम कूनी गेला, शॉन हिगिन्स गेला. त्या पडझडीत क्लबनं ग्रिफन आणि ड्राफ्टमधला सहावा नंबर देऊन जायंट्सचा १९ वर्षांचा बॉइड आणला. २०१३ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, हे खरं. पण तोवर खेळलेले सामने किती? ९! करार सात वर्षांचा, सुमारे ७० लाख डॉलरचा. म्हणजे दरवर्षी तेव्हाच्या कॅपचा साधारण दहावा हिस्सा एका पोरावर.

पदरात काय पडलं? ५२ सामने. मे २०१९ मध्ये, २३ व्या वर्षी निवृत्ती. २०१६ ची ग्रँड फायनल (क्लबनं जिंकलेला अंतिम सामना) बाजूला ठेवली तर दहा लाखांचा म्हणावा असा एकही सीझन नाही. कप मिळाला म्हणून सौदा शहाणपणाचा ठरत नाही. लॉटरी लागली तरी सगळा पगार तिकिटांवर उडवणाऱ्याला आपण हुशार म्हणत नाही.

निमा_फूटस्क्रे
"ग्रँड फायनल बाजूला ठेवली तर"! पुरण बाजूला ठेवा आणि मग सांगा पोळी कशी झाली, असं झालं हे.

या क्लबनं १९५४ नंतर प्रीमियरशिप, म्हणजे तो कप, पाहिली नव्हती. १९६१ नंतर ग्रँड फायनलला पोचलाच नव्हता. १९८९ मध्ये तर लीग त्याला फिट्झरॉयमध्ये विलीन करायला निघाली होती, लोकांनी वर्गणी काढून वाचवला. ६२ वर्षं थांबलेल्या म्हाताऱ्यांना जाऊन सांगा "सौदा फसला" म्हणून.

१ ऑक्टोबर २०१६, एमसीजी, लाखाला जेमतेम काही कमी प्रेक्षक. बॉइडचे तीन गोल. बुलडॉग्जनी सिडनी स्वान्सला २२ गुणांनी हरवलं, आणि तीन गोलांचे १८ गुण होतात. हिशेब तुम्हीच मांडा.

पक्याभाऊ
निमाताईंना +१. आयपीएलवाल्यांनो, मिचेल स्टार्क आठवा. २०२४ साठी कोलकात्यानं २४.७५ कोटी मोजले. साखळीत मार खाल्ला तेव्हा सगळे खिदळत होते. मग पहिल्या क्वालिफायरमध्ये सामनावीर, फायनलमध्येही सामनावीर. नंतर कुणी पावती मागितली का?

वेस्टगेटकर
पक्याभाऊ, स्टार्क तेव्हा वर्ल्डकप जिंकलेला गोलंदाज होता. त्याचं माप आधीच घेतलेलं होतं. बॉइड म्हणजे कैरी बघून हापूसचा भाव दिल्यासारखं. शिवाय स्टार्कसाठी कोलकात्यानं आपला कप्तान दिला नव्हता.

सांख्यिकी_सदाशिव
७० लाख भागिले ५२ = सामन्याला जवळपास १ लाख ३५ हजार डॉलर. विषय संपला.

निमा_फूटस्क्रे
संपला कसा? ७० लाख त्याला मिळालेच नाहीत हो. करार २०२१ पर्यंतचा होता. हा २०१९ च्या मध्यावर स्वतःहून थांबला आणि उरलेल्यातल्या मोठ्या रकमेवर पाणी सोडलं. पाठ दुखत होती, मन थाऱ्यावर नव्हतं. २०१७ मध्येच नैराश्यासाठी त्यानं रजा घेतली होती. दुखापतग्रस्तांच्या यादीत नाव ठेवून पैसे घेत बसला असता तर कुणी काय केलं असतं? भागाकार करायचाच तर खालचा आकडा तसाच ठेवून वरचा नीट घ्या.

सांख्यिकी_सदाशिव
मान्य. घाई झाली.

कोट्याधीश_नव्हे
मी वेस्टगेटकरांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. त्या फायनलमधला तो गोल सगळे बॉइडच्या नावावर लिहितात. आधी काय झालं ते बघा. शेवटचा क्वार्टर, सिडनीचा बडी फ्रँकलिन चेंडू घेऊन निघालाय. तोच बडी, नऊ वर्षांचा एक कोटी डॉलरवाला. डेल मॉरिसनं त्याला मिठी मारून लोळवला, चेंडू सुटला, बॉइडच्या हाती आला. त्यानं साठेक मीटरवरून हाणला, टप्पे घेत आत. मेहनत कुणाची? हा मॉरिस म्हणजे इथल्या वेरिबी क्लबकडून खेळलेला, रूकी (नवख्यांच्या) यादीतून चिल्लर भावात आलेला. आणि त्या दिवशी त्याच्या पाठीचं हाड मोडलेलं होतं, हे नंतर कळलं. एक कोटीवाल्याला पाडलं रूकीनं आणि फोटो ७० लाखवाल्याचा.

पक्याभाऊ
आयला, हे भारी आहे. पण बॉइड तिथं नसता तर मॉरिसचा टॅकल एका ओळीत संपला असता ना? सुटलेला चेंडू साठ मीटर मारायलाही पाय लागतो.

अबोली
मी मूळची जायंट्सवाली (सिडनीच्या पश्चिमेला राहिले, इलाज नव्हता), म्हणून जखमेवर मीठ चोळून घेते. फायनलच्या आधीच्या आठवड्यात, प्रिलिमिनरीत (उपांत्य सामन्यात), आमच्याच मैदानावर बुलडॉग्जनी आम्हाला ६ गुणांनी हरवलं. त्यांच्या जॉर्डन रफहेडच्या डोळ्याला लागून तो बाहेर गेला, आणि मग रकचं (उंच उडालेल्या चेंडूसाठी झटण्याचं) काम आम्हीच घालवलेल्या पोरानं ओढलं. रकमध्ये आकडे फुगत नाहीत, अंग मात्र ठेचून निघतं. गोल मोजणाऱ्यांना ते दिसत नाही. आणि ग्रिफन आमच्याकडे चांगला खेळला, पण कप काही आला नाही. अदलाबदलीत कुणाला काय मिळालं विचाराल तर मी गप्प बसेन.

वेस्टगेटकर
अबोलीताई, प्रिलिमिनरीचा मुद्दा पटला, मी तो धरलाच नव्हता. पण कपनंतर काय? २०१७ मध्ये फायनल्समध्येच (बाद फेरीतच) नाहीत. २०१८ मध्ये तेच. एवढा पैसा एकीकडे अडकला की असंच होणार. आपला जेक स्ट्रिंगर क्लब सोडून गेला तो काय उगाच?

निमा_फूटस्क्रे
स्ट्रिंगरला क्लबनंच दुसरीकडे बघ म्हणून सांगितलं होतं. त्याचं बिल बॉइडच्या खात्यावर फाडू नका.

कोट्याधीश_नव्हे
हे खरंय, स्ट्रिंगरचं प्रकरण वेगळं. मला खरी चीड येते ती क्लबची. १९ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात दहा लाखांची पाटी अडकवायची आणि प्रत्येक शनिवारी आख्ख्या गावानं ती मोठ्यानं वाचायची. चेंडू सुटला की "दहा लाख!" मी स्वतः ओरडलोय, एतिहाद स्टेडियमवर, २०१५ मध्ये. शेजारच्या आजीबाई, गळ्यात लाल-पांढरा-निळा मफलर, वळून म्हणाल्या होत्या की पोरगं आहे ते अजून. सात वर्षांऐवजी तीन वर्षांचा करार असता तर पैसे कमी लागले असते, आणि कदाचित तोही जास्त टिकला असता.

पक्याभाऊ
तीन वर्षांवर तो आलाच नसता. कप्तान पळालाय, कोच गेलाय, नवा कोच अजून ठरायचाय. अशा घरात कोण सोयरीक करतं? हुंडा जास्तच द्यावा लागतो.

सांख्यिकी_सदाशिव
भाऊ, हुंड्याची उपमा बदला, कायद्यानं गुन्हा आहे.

पक्याभाऊ
बरं, पागडी म्हणा.

वेस्टगेटकर
पागडी चालेल. माझं मत तेच आहे, करार चुकीचाच होता. पण "ग्रँड फायनल बाजूला ठेवली तर" हे वाक्य मागे घेतो.

निमा_फूटस्क्रे
मग धाग्यात उरलं काय?

वेस्टगेटकर
श्रीखंड. पुढच्या शनिवारी आमच्याकडे, पॉइंट कुकला. मॉरिसवाल्यांनी पुऱ्या लाटायच्या.