अटलांटाला माणसे कशासाठी येतात, आणि ते शहर वाढते कशाच्या जोरावर?

उंबरठा (धागाकर्ता)

भारतातून येणाऱ्या आईवडिलांना अटलांटा दाखवायला किती दिवस ठेवावेत, असा प्रश्न मध्यंतरी इथे आला होता आणि त्यावर एका सदस्याने "मत्स्यालय, कोका-कोलाचे प्रदर्शन आणि लिलबर्नचे स्वामिनारायण मंदिर, दीड दिवस पुरे" असे उत्तर दिले होते. उत्तर व्यवहार्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु पुढे चर्चेचा सूर असा लागला की, पाहण्यासारखे फारसे काही नसताना या शहरात एवढे पर्यटक येतात हा निव्वळ जाहिरातबाजीचा प्रताप आहे. हा सूर मला मान्य नाही.

माझे म्हणणे असे की, अटलांटाला माणसे मुळात काही पाहायला येत नाहीत. ती कामासाठी येतात, संमेलनांना येतात, किंवा पुढे जाता जाता थांबतात. पाहण्याच्या जागा त्यांच्यासाठी मागाहून उभ्या राहिल्या. या शहराला ना समुद्र, ना जहाजे चालतील अशी नदी. १८३७ मध्ये जॉर्जिया राज्याने उत्तरेला टेनेसीकडे न्यायच्या लोहमार्गाचे दक्षिण टोक जिथे ठरवले, त्या जागेभोवती वस्ती झाली, आणि १८४५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. यादवी युद्धात, १८६४ च्या नोव्हेंबरात, जनरल शर्मनने हे शहर जाळले तेही याच कारणाने, कारण दक्षिणेच्या फौजांची रसद वाहणारे चार लोहमार्ग इथे एकत्र येत होते. पुढे १९२५ मध्ये शहराने मोटार शर्यतींचे एक बंद पडलेले मैदान विमानतळासाठी भाड्याने घेतले, १९४१ मध्ये डेल्टा या विमान कंपनीने आपले मुख्यालय लुइझियानातून इथे हलवले, आणि आज २०२० चा अपवाद वगळता १९९८ पासून हा जगातला सर्वाधिक प्रवाशांचा विमानतळ आहे. वर्षाकाठी दहा कोटींहून अधिक प्रवासी तिथून जातात, त्यांतला मोठा भाग केवळ विमान बदलतो.

या ये-जा करणाऱ्यांना थांबवायचे कसे, हा प्रश्न शहराने १९६० च्या दशकात फार गांभीर्याने घेतला. वास्तुविशारद जॉन पोर्टमन यांनी १९६१ मध्ये घाऊक व्यापाऱ्यांसाठी मोठे बाजारसंकुल बांधले, १९६७ मध्ये आत बावीस मजली मोकळा चौक असलेले हयात हॉटेल उभे केले, आणि १९७६ मध्ये राज्य सरकारचे भव्य संमेलन केंद्र सुरू झाले. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला प्रतिनिधी आजही विमानतळावरच मेट्रोत बसतो, मध्यवस्तीतल्या पीचट्री सेंटरला उतरतो, कातळ फोडून काढलेल्या त्या खोल स्थानकातून लांबच लांब सरकत्या जिन्याने वर येतो आणि इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त पुलांवरून हॉटेलात पोहोचतो. रस्त्यावर पाऊल टाकण्याची त्याला गरजच पडत नाही. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी केलेले एकवीस एकरांचे उद्यान, २००५ चे मत्स्यालय, २००७ मध्ये नव्या जागेत आलेले कोका-कोलाचे प्रदर्शन आणि २०१४ चे नागरी व मानवी हक्क केंद्र ही सगळी याच प्रतिनिधीला संध्याकाळी पायी जाता येईल अशा अंतरावर आहेत. हा योगायोग नव्हे. वाहतुकीचे नाके असणे हेच या शहराच्या पर्यटनाचे आणि वाढीचे एकमेव कारण आहे, असे माझे मत आहे.

पिंपळपान

उंबरठा, तुमची मांडणी सुबक आहे, पण तिच्यात अटलांटाला येणाऱ्या माणसांचा एक फार मोठा वर्ग दिसतच नाही. ऑबर्न अव्हेन्यूवर सकाळी जाऊन उभे राहा. अलाबामा, मिशिगन, ओहायो अशा ठिकाणांहून आलेल्या बसगाड्या दिसतील. त्यांतून उतरणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये नव्वदीच्या आज्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे असतात. ते विमान बदलायला आलेले नसतात आणि संमेलनालाही नसतात. १९२९ मध्ये मार्टिन लूथर किंग जिथे जन्मले ते घर, त्यांचे वडील आणि पुढे ते स्वतः जिथे प्रवचन करत ते एबनेझर चर्च, आणि पाण्याच्या लांबट कुंडात मधोमध असलेली त्यांची व पत्नी कोरेटा यांची संगमरवरी समाधी, हे सारे एका हाकेच्या अंतरात आहे. तिथे प्रवेशशुल्क नाही. माणसे कुंडाच्या काठाने बोलत बोलत येतात आणि समाधीसमोर आवाज आपोआप उतरतो. आपल्याकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा माणूस मुंबई पाहायला जातो असे आपण म्हणत नाही. इथेही तसेच आहे.

आपल्या लोकांनी तर ही जागा चुकवूच नये. किंग १९५९ मध्ये भारतात आले होते तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते, आणि अटलांटातल्या त्या परिसरात गांधीजींचा पुतळा आहे. तरीही आपल्या दीड दिवसांच्या यादीत ऑबर्न अव्हेन्यू नसते, हे मला खटकते.

गावकूस

पिंपळपान यांच्याशी सहमत, फक्त त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. हीच ऑबर्न अव्हेन्यू एके काळी कृष्णवर्णीयांच्या विमा कंपन्या, बँका, वर्तमानपत्रे आणि दुकाने यांनी गजबजलेली होती. तिच्यावरून महामार्ग नेऊन तिचे दोन तुकडे करण्यात आले आणि तिथला व्यापार बसला. ज्या वाहतुकीला उंबरठा शहराचे भाग्य म्हणतात, त्याच वाहतुकीने हा मोहल्ला मोडला आणि आता उरलेल्या भागात आपण श्रद्धेने दर्शनाला जातो.

ऑलिंपिकच्या उद्यानाचेही तेच. त्या परिसराला लागून टेकवुड होम्स ही वसाहत होती. संघराज्य सरकारच्या पैशातून १९३० च्या दशकात बांधलेली ती देशातली पहिली सार्वजनिक गृहवसाहत. खेळ जवळ आले आणि ती पाडली गेली. नवी मिश्र उत्पन्नगटांची वसाहत झाली हे खरे, पण जुन्या रहिवाशांपैकी परत फार थोडे येऊ शकले. मुख्य स्टेडियमचे पुढे बेसबॉलसाठी रूपांतर झाले, भोवतीच्या गरीब वस्त्यांनी वीस वर्षे सामन्यांच्या दिवशीची वाहने सहन केली, आणि २०१७ मध्ये संघ सरळ उपनगरातल्या कॉब काउंटीत निघून गेला. पाहुण्यांसाठी शहर बांधले की यजमानाला ओसरीवर झोपावे लागते.

उंबरठा

पिंपळपान, ऑबर्न अव्हेन्यू माझ्या मांडणीतून निसटली, हे मान्य. 'एकमेव कारण' हा शब्दप्रयोग मी मागे घेतो. पण एक विचारतो. किंग यांची चळवळ अटलांटातच मुख्यालय करून का बसली? दक्षिणेतल्या कोणत्याही गावी जायला इथून गाडी किंवा विमान मिळत होते, आणि ऑबर्न अव्हेन्यूवर कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा पैसा होता, तोही व्यापारी नाक्यावरच जमलेला. म्हणजे हे तीर्थसुद्धा नाक्यावरचेच आहे.

गावकूस यांच्या मुद्द्याला मात्र इतक्या सहज शरण जाणार नाही. ऑलिंपिक झाले नसते तर टेकवुडची डागडुजी होऊन तिथले लोक सुखात राहिले असते, असे समजायला आधार काय? त्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी खेळ न भरवताही अशा वसाहती पाडल्या. खेळांमुळे निदान मध्यवस्तीत माणसे पुन्हा राहायला येऊ लागली.

सह्यकडा

तिघांचीही चर्चा मध्यवस्तीच्या दोन-तीन मैलांत अडकली आहे. शहर वाढते कशाने, या शीर्षकातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलेलेच नाही, आणि त्याचे उत्तर पर्यटनाशी जवळजवळ असंबद्ध आहे.

आकडे पाहा. १९७० च्या जनगणनेत अटलांटा शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९७ हजार होती. १९९० पर्यंत ती ३ लाख ९४ हजारांवर उतरली आणि २०२० मध्ये ४ लाख ९९ हजारांच्या आसपास आली. पन्नास वर्षांत शहर होते तिथेच आहे! वाढला तो महानगर प्रदेश, जो २०२० मध्ये ६० लाखांच्या वर गेला. ही वाढ मत्स्यालयामुळे झालेली नाही. स्वस्त जमीन, वाटेत आडवा येईल असा समुद्र किंवा डोंगर नाही, दक्षिणेचा उन्हाळा सुसह्य करणारी वातानुकूलन यंत्रे, कमी कर, आणि चारही दिशांना गेलेले महामार्ग ही तिची कारणे. त्यात १९५६ मध्ये पूर्ण झालेले ब्युफर्ड धरण आले. त्याच्या लेक लॅनिअर जलाशयामुळे चॅटाहूची नदीचे पाणी महानगराला वर्षभर मिळते, आणि त्या पाण्यावरून शेजारच्या फ्लोरिडा व अलाबामा राज्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात भांडण चालवले. एवढ्या मोठ्या वस्तीला मुख्य आधार म्हणून नदी तेवढी एकच, तीही वरच्या भागातली म्हणून लहान. महानगराच्या वाढीला मर्यादा येणार असेल तर ती विमानतळावरून नाही, तिथून येईल.

आपण मराठी माणसे प्रामुख्याने राहतो ते अल्फारेटा, कमिंग, जॉन्स क्रीक या उत्तरेकडच्या उपनगरांत. कमिंग ज्या फोर्सिथ काउंटीत आहे, ती १९८० मध्ये तीस हजारांच्या आत होती, २०२० मध्ये अडीच लाखांवर गेली. आपल्यापैकी कुणी ऑलिंपिकचे उद्यान पाहून तिथे घर घेतले काय? शाळा, संगणक कंपन्यांतल्या नोकऱ्या आणि परवडणारे चार खोल्यांचे घर, एवढेच पाहिले.

पिंपळपान

सह्यकडा यांनी फोर्सिथचे नाव काढलेच आहे, तर ती काउंटी इतकी वर्षे रिकामी का राहिली तेही सांगितले पाहिजे. १९१२ मध्ये तिथून सुमारे अकराशे कृष्णवर्णीयांना, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच, धमक्या देऊन आणि घरे जाळून हाकलून देण्यात आले, आणि पुढची अनेक दशके ती केवळ गोऱ्यांची काउंटी म्हणून ओळखली गेली. १९८७ च्या जानेवारीत नागरी हक्क चळवळीतील होझिया विल्यम्स यांनी तिथे काढलेल्या लहानशा मोर्चावर दगडफेक झाली, आणि पुढच्याच आठवड्यात सुमारे वीस हजार माणसांनी कमिंगमध्ये मोर्चा काढला. जमीन 'स्वस्त' होती, यामागे हाही इतिहास आहे. आपल्या मुलांच्या शाळेपासून जवळ घडलेली ही घटना मुलांना ठाऊक नसते, आणि त्यांना शनिवारी आपण कोका-कोलाच्या बाटल्या पाहायला नेतो.

कुंपण

थोडे अवांतर, पण १९९६ चा विषय निघाला म्हणून. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक मिळवल्यानंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले, आणि ते लिअँडर पेसला मिळाले अटलांटात, स्टोन माउंटनजवळच्या टेनिस केंद्रावर. ते केंद्र आज उभे नाही. त्याच डोंगराच्या कड्यावर मात्र गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या तीन नेत्यांचे महाकाय शिल्प जसेच्या तसे आहे, १९७२ मध्ये पुरे झालेले, आणि सुटीच्या दिवशी त्याच्यासमोरच्या हिरवळीवर सर्व वर्णांची कुटुंबे चादरी पसरून बसलेली असतात. नाक्याचा सिद्धान्त किंवा तीर्थाचा सिद्धान्त, दोन्हीही या दृश्याला पुरत नाहीत. तिथे माणसे येतात कारण डोंगर चढायला सोपा आहे आणि वर वारा आहे.

गावकूस

सह्यकडा, तुमचा मुद्दा पन्नास टक्के मान्य. पण पर्यटन आणि वाढ यांचा संबंधच नाही, हे बेल्टलाइन हा शहराभोवतीचा मार्ग पाहिल्यावर म्हणता येत नाही. १९९९ मध्ये रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने जॉर्जिया टेकमधल्या आपल्या प्रबंधात शहराभोवतीच्या वापरात नसलेल्या जुन्या लोहमार्गांचे बावीस मैलांचे कडे जोडून त्यावर वाहतूक सुरू करण्याची कल्पना मांडली. प्रबंधाचा गाभा रेल्वे हा होता. प्रत्यक्षात आधी झाला तो चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग. २०१४ मध्ये सीअर्सच्या जुन्या अवाढव्य गोदामात पॉन्स सिटी मार्केट सुरू झाले, पाहुण्यांची रीघ लागली, आजूबाजूची भाडी चढली, आणि ज्यांच्यासाठी हा मार्ग सांगितला होता त्यांना दूर जावे लागले. परवडणाऱ्या घरांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही म्हणून खुद्द ग्रॅव्हेल २०१६ मध्ये त्या प्रकल्पाच्या एका मंडळातून बाहेर पडला. पर्यटक आवडीने फिरतात अशी जागा झाली, की तिथे राहण्याची किंमत वाढते. यापेक्षा थेट संबंध कोणता हवा?

उंबरठा

किंमत वाढली कारण अशी जागा शहरात एकच आहे. पायी फिरता येईल असे भाग दहा असते तर भार वाटला गेला असता. मग दहा का नाहीत? इथे मी सह्यकडा यांच्याकडे बोट दाखवतो. १९६५ मध्ये कॉब काउंटीने मेट्रोला नकार दिला, १९७१ मध्ये क्लेटन आणि ग्विनेट या काउंट्यांनी दिला. क्लेटन २०१४ मध्ये सामील झाली खरी, पण ग्विनेटने २०१९, २०२० आणि २०२४ मध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या प्रस्तावांना पुन्हा पुन्हा नाहीच म्हटले. सुरुवातीच्या नकारांमागे वंशद्वेष होता हे आता कुणी फारसे लपवतही नाही. बेसबॉलचा संघ ज्या कॉबमध्ये गेला तिथे आजही मेट्रो पोहोचत नाही. आगगाडीमुळे जन्मलेल्या शहराची उपनगरे आगगाडीलाच घाबरतात.

सह्यकडा

वंशद्वेषाचा इतिहास नाकारत नाही, मात्र २०२४ चा नकार त्याच खात्यात टाकणे मला घाईचे वाटते. ग्विनेटमध्ये आज बहुसंख्य मतदार गोरे नाहीत. भारतीय, कोरियन, मेक्सिकन, कृष्णवर्णीय अशी सरमिसळ आहे. त्यांच्यापुढे विक्रीकर एक टक्क्याने वाढवून मुख्यतः बससेवा विस्तारण्याचा प्रस्ताव होता. ज्याचे घर मुख्य रस्त्यापासून दोन मैल आत, पदपथ नसलेल्या वसाहतीत आहे, त्याने आपल्याला न मिळणाऱ्या बससाठी जादा कर का भरावा, हा प्रश्न हिशेबाचा आहे. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे आठ सामने अटलांटाच्या वाट्याला आले, त्यात एक उपांत्य सामनाही आहे. त्यासाठी मध्यवस्तीत आणि विमानतळावर पैसा लागतो, आणि तो लागेलही. मात्र कमिंगहून कामाला जाणारा माणूस तेव्हाही महामार्ग क्रमांक ४०० वरच अडकलेला असेल. नाक्याचा फायदा नाक्यावर थांबणाऱ्याला होतो, नाक्यामागे राहणाऱ्याला नव्हे, आणि तुमच्या मांडणीत या दुसऱ्या माणसाला जागा कुठे आहे, ते तेवढे सांगा.