घरखर्चाचा हिशोब लिहिता का? तुमचे अनुभव सांगा

शेवंती (डोंबिवली)

एप्रिलपासून घरखर्च लिहायला लागले. दोघं कमावतो, चैन म्हणावी अशी काही नाही, तरी पंचवीस तारखेला एकमेकांना "तुझ्या खात्यात किती उरलेत?" विचारायची वेळ येते. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. किराणा, भाजी-दूध, वीज-गॅस, प्रवास, औषधं, बाहेरचं खाणं आणि शेवटी 'किरकोळ'.

तीन महिन्यांनी बेरीज केली तर किराण्याच्या खालोखाल नंबर किरकोळचा! एकट्या जूनमध्ये ७,४०० रुपये. कसलं डोंबलाचं किरकोळ! त्यात काय काय गेलं ते शोधायला यूपीआयची यादी उघडली, तर तिथे नुसती माणसांची नावं. भाजीवाल्याच्या कोडवर त्याच्या मुलाचं नाव, इस्त्रीवाल्याच्या कोडवर बायकोचं. साठ रुपये कोणाला दिले, कशाचे, काही पत्ता नाही. नोटा होत्या तेव्हा पाकीट पातळ झालेलं हाताला तरी कळायचं.

तर ज्यांनी वर्ष-दोन वर्षं चिकाटीने लिहिलंय त्यांनी सांगा. रकाने कसे पाडता? त्यातून बजेट खरंच निघालं का? आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला यात कसं ओढलंत? फसलेले प्रयोगही चालतील. किंबहुना तेच आधी येऊ द्या.

सातारकर काका

माझे वडील प्राथमिक शिक्षक. रात्रीची जेवणं झाली की रोजकीर्द घेऊन बसायचे. पानाच्या माथ्यावर 'श्री', डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे खर्च), तळाशी अखेर श्रीशिल्लक. शिल्लक म्हणजे सदऱ्याच्या खिशातले आणि डब्यातले पैसे प्रत्यक्ष मोजून. मेळ बसला नाही की स्वयंपाकघराकडे हाक, "अगं, चार आणे कुठे गेले?" आई भांडी आवरता आवरता म्हणायची, "मला काय विचारता, तुमच्या पानाच्या चंचीला विचारा."

दहा मिनिटं शोधायचे. नाहीच सापडले तर 'विस्मरण खाते, २५ पैसे' असं लिहून वही मिटायचे. ते गेल्यावर वह्या चाळल्या. विस्मरण खातं कुठल्याच महिन्यात दोन रुपयांच्या वर गेलेलं नाही.

शेवंतीताई, तुम्ही किरकोळ आणि विस्मरण एकाच रकान्यात कोंबलंय. लहान आहे पण आठवतंय, ते एक. आठवतच नाही, ते दुसरं.

घडीचा डबा

काका, विस्मरण खाते! _/\_ आजच उघडते.

टिंबटिंब

मी ॲपवाला. मेसेज वाचून आपोआप हिशोब लावणारं ॲप घेतलं. पहिल्याच महिन्यात त्याच्या मते मी १,८०,००० रुपये उडवले. पगार तेवढा नाही! बघितलं तर क्रेडिट कार्डाची खरेदी एकदा धरलेली, मग कार्डाचं बिल भरलं ते पुन्हा धरलेलं. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, तीही खर्चात. बायकोच्या खात्यात टाकलेले पैसेही खर्चात (यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही). आता ॲप आहे, पण दर रविवारी वीस मिनिटं त्याच्या चुका निस्तरतो. म्हणजे वहीच झाली.

पंचवटी

आमचं बजेट चार वर्षं कागदावर जमायचं आणि जूनमध्ये कोसळायचं. कारण आम्ही महिन्याचाच खर्च मांडत होतो. वर्षातून एकदा येणारे खर्च दर वेळी 'अचानक आले' म्हणून सोडून द्यायचो. अहो, घरपट्टी दर वर्षी येते, त्यात अचानक काय?

मग एका रविवारी मागच्या वर्षाचं पासबुक घेऊन बसलो. विम्याचा हप्ता ३६,०००. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून ४२,०००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १४,०००. घरपट्टी ६,०००. गणपतीला गावी जाणं आणि दिवाळी मिळून २८,०००. बेरीज १,२६,०००, म्हणजे महिन्याला १०,५००. इतके पैसे आपले नाहीतच, असं धरून पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाकतो. त्या खात्याचं यूपीआय मुद्दाम सुरू केलेलं नाही. उरलेल्या पैशांत महिना बसवताना पहिले चार महिने जीव मेटाकुटीला आला, खोटं कशाला सांगू.

अनामिका

फसलेला प्रयोग माझा. लग्नानंतर दोन वर्षं इमानेइतबारे लिहिलं. नवरा रविवारी वही घेऊन बसायचा आणि पेन्सिलीने गोल करायचा. पार्लरच्या १५० ला गोल. आईकडे नेलेल्या सफरचंदांना गोल. त्याच्या सिगरेटी वहीत कधी आल्याच नाहीत. हळूहळू मी सफरचंदं 'भाजी'त घालायला लागले. मग वाटलं, खोटीच लिहायची तर वही हवी कशाला? बंद केली.

सात वर्षांनी घराचा हप्ता सुरू झाला तेव्हा पुन्हा बसलो. या वेळी अट माझी. दोघांना महिन्याला २,५०० रुपये, त्यांचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही. वहीत फक्त 'तो २,५००, मी २,५००'. बाकीचं दोघांनी आपापल्या हाताने लिहायचं. पेन्सिल मी मुलीच्या कंपासपेटीत टाकली.

पंचवटी

अनामिका, ही अट आमच्याकडेही लागू करते. शब्द तुमचे वापरले तर चालेल ना?

आडसाली (सांगली जिल्हा)

इथे सगळे एक तारखेच्या पगाराचं बोलतायत. आमच्याकडे पैसा दोन वाटांनी येतो. डेअरीचा दुधाचा पगार दर दहा दिवसांनी आणि उसाचं बिल हंगामात. नियमाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, मिळायला पाहिजे. आमच्या कारखान्याने एका साली तुकड्या-तुकड्यांनी दिली, शेवटचा तुकडा पाऊस लागल्यावर. आता यात महिन्याचं बजेट कुठं बसवायचं?

मंडळींनी नियम घातला, चूल दुधावर, बाकी सगळं उसावर. किराणा, भाजी, पोरांचा एसटीचा पास दुधाच्या पगारातनं. पेंडीचे पैसे डेअरी आधीच कापून घेते, त्यामुळे पावतीवर तळाला जो आकडा असतो तोच खरा पगार. तो दहा दिवसांच्या आत संपला तर पुढचा येईपर्यंत पिठलं. पीककर्ज, खत, आहेर, घराची डागडुजी उसातनं. गाय आटली की बजेट आटतं, म्हणून दोन्ही गाई एकदम गाभण राहू देत नाही. हे कुठल्या ॲपात भरायचं सांगा.

टिंबटिंब

आडसाली, दंडवत. गाई मागेपुढे ठेवणं हे खरं बजेट!

रोटीवरून ब्रेडवर (श्टुटगार्ट)

पंचवटींना दुजोरा. इथे रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी महिन्याला १८.३६ युरो, पण ती तीन महिन्यांची मिळून ५५.०८ कापली जाते. पहिल्या वर्षी दर वेळी दचकायचो. पावत्यांचं मात्र सुख आहे. २०२० पासून बेकरीवाल्यालाही दोन पावांची पावती काढावीच लागते, त्यामुळे विस्मरण खातं जवळजवळ रिकामं. माझा रोग वेगळा, मनातल्या मनात रुपये करणं. कोथिंबीर बघतो, गुणतो आणि जागेवर ठेवतो. वहीत वर्षभर कोथिंबीर नाही.

शेवंती

सगळ्यांचे आभार. काल नवऱ्याला यूपीआयची यादी दाखवली आणि थक्क झाले. त्याला अर्धी नावं तोंडपाठ! "हा स्टँडवरचा रिक्षावाला, हा चहावाल्याचा भाऊ." लोकलचा पास आम्ही प्रवासात लिहीत होतो आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा किरकोळात.

तर जूनचे ७,४०० असे फुटले. रिक्षा २,६४० (पाऊस!). ऑफिसातले निरोप समारंभ, वाढदिवस, आहेर २,१००. इस्त्री आणि कचरेवाली १,१८०. उरलेल्या १,४८० साठी रात्री साडेअकरापर्यंत डोकं खाजवलं. शेवटी नवऱ्यानेच पेन घेतलं आणि पानाच्या तळाशी लिहिलं, 'विस्मरण खाते, १,४८०'.

काका, तुमच्या वडिलांचे दोन रुपये फार लांब आहेत.