इमारतीआधी आजीला मदत करा
पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या गावांत अनाथाश्रमाची इमारत बांधून द्यावी का, या चर्चेत थोडी भर घालते. एड्सच्या साथीनं त्या भागातली कर्ती पिढीच ओरबाडून नेली. तरी बहुतेक मुलं उघड्यावर पडली नाहीत. आजीनं, मावशीनं, काकानं त्यांना घरात घेतलं. शिवाय युनिसेफच्या व्याख्येनुसार आई किंवा वडील, एक जण जरी गेलं तरी मूल अनाथ धरलं जातं. त्यामुळे आश्रमातल्या कित्येक मुलांची आई हयात असते. तिला झेपत नसतो तो मक्याचा आणि शाळेचा खर्च. २००३ पासून प्राथमिक शाळेची फी माफ आहे, पण गणवेशाला पैसे लागतातच.

गावात बरा आश्रम उभा राहिला की गरीब आईच मूल तिथे आणून सोडते. मला हे फार अस्वस्थ करतं. केनिया सरकारनं २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली होती, ती उगाच नव्हे. अनाथ मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांना थेट रोख मदत तर २००४ पासूनच सुरू झाली.

खरोखर कुणीच नसलेल्या मुलांसाठी छोटं बालगृह हवंच. पण देणगी देण्याआधी संस्थेला विचारा: किती मुलांचे नातेवाईक शोधलेत, किती मुलं घरी परतली? आणि तिथल्या बायकांचे 'चामा', म्हणजे आपल्याकडच्यासारखे बचतगट, गावोगाव आहेत. बियाणं, शेळ्या, गणवेशाचे पैसे त्यांच्यामार्फत थेट आजीपर्यंत पोचवता येतात.