गुप्त मतदान नको म्हणणारा मिल

आडवातिडवा:
जॉन स्टुअर्ट मिल म्हटलं की आठवतो तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी इंग्रज तत्त्वज्ञ. पण हाच माणूस गुप्त मतदानाच्या विरोधात होता, आणि तेही १८६१ साली, प्रातिनिधिक शासनावरच्या ग्रंथात, अगदी ठासून. त्याच्या मते मत म्हणजे मतदाराची मालमत्ता नव्हे, इतरांनी सोपवलेली ठेव आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये बायकांना संसदेसाठी मत नव्हतं, बहुतेक कामगारांनाही नव्हतं. ज्यांच्या वतीने मत देता त्यांनाच ते कळू नये? मला पटतं बुवा. चर्चा चव्हाट्यावर करायची आणि कौल मात्र पडद्याआड, हे कसलं?

कुंपणावरची:
ठेव वगैरे ठीक, पण उघड मतदान चालायचं कसं ते बघा. मतदार सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव सांगणार, कारकून वहीत लिहून घेणार. पुढे त्या वह्या छापून विकायलाही यायच्या! जमीनदाराला विचारपूस करायचीसुद्धा गरज नाही. १८६८च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये जमीनदारांच्या मर्जीविरुद्ध लिबरल पक्षाला मत दिलं म्हणून कुळांना हुसकावून लावलं. त्यांनी ठेव सांभाळायची की पोरंबाळं?

आडवातिडवा:
मिलला हे दिसत नव्हतं असं नाही. जमीनदाराचा धाक ओसरतोय, आता मतदाराचा स्वतःचा स्वार्थ जास्त घातक, असं त्याचं गणित होतं.

कुंपणावरची:
गणित सात वर्षांत चुकलं की!

खोडरबर:
मिलचे वडील जेम्स मिल गुप्त मतदानाच्या बाजूचे. घरातच दोन तट! शेवटी १८७२ला गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या पाँटिफ्रॅक्ट गावी त्यानुसार पहिली पोटनिवडणूक. मतपेटीच्या लाखेवर शिक्का उमटवला तो ज्येष्ठमधाच्या वड्यांवर मारायचा. (अवांतराबद्दल माफी, पण राहवलं नाही.)
तुम्ही दोघं मतदार आणि प्रतिनिधी यांना एकाच तागडीत घालताय. खासदाराने कुठे मत दिलं ते कळायलाच हवं. ब्रिटिश संसदेचं कॉमन्स सभागृह १८३६पासून तशा याद्या छापतंय. कूळ कुणाला बांधील?

आडवातिडवा:
इथेच तर अडतं. तुमच्या मताने माझ्या मुलीच्या शाळेचं भवितव्य ठरतं, तिला मत नाही. तरी तुम्ही तिला बांधील नाही?

कुंपणावरची:
बांधील आहे, म्हणून विचारलं तर सांगेन. सांगायची मोकळीक वेगळी, सक्ती वेगळी. मी घरात, शेजारीपाजारी दर वेळी सांगते कुणाला मत दिलं ते. फक्त साहेबाला नाही सांगत.