इस्राएलमधल्या मराठी मंडळींची दिवाळी: हॉल, शनिवार आणि माइक (पुन्हा)

मंडळी, लोदच्या सिनेगॉगचा (ज्यू प्रार्थनामंदिराचा) हॉल मिळाला, पण शनिवारचाच. गबाय (सिनेगॉगचे व्यवस्थापक) म्हणतात, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुटेपर्यंत माइक नाही, गाडीतून सामान उतरवणं नाही. पत्रिकेत पाच लिहिलंय. तारे दिसून हवदाला (शब्बाथ संपवणारा विधी) होईपर्यंत साडेपाच तरी होतील. पत्रिका आज रात्री छापायला जाते, लगेच कळवा.
– सेक्रेटरी

शुक्रवारी दुपारीच माइक लावून चालू ठेवला तर? शनिवारी बटण दाबायचं नाही एवढंच ना? आणि आत प्रार्थनेच्या दालनात खुर्च्या जास्त आहेत, नाटुकलं तिथेच करू.
– रेहोवोतचा पोस्टडॉक

अरे बाळा, आत नाटुकलं? मधोमध तेबा (प्रार्थना चालवायचा चौथरा), समोर यरुशलेमच्या दिशेला हेखाल (पवित्र कपाट), त्यात सेफेर तोरा (धर्मग्रंथाची गुंडाळी), वर नेर तामिद (अखंड दिवा) तेवत असतो. मंच टाकणार कुठे? मुंबईच्या आमच्या शाआर हारहामीम सिनेगॉगमध्ये (१७९६चं, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी स्थापलेलं) पोरांना तेब्याच्या पायऱ्यांवर खेळू देत नसत. चालू ठेवलेला माइकही हजान (प्रार्थना चालवणारे) चालवून घेणार नाहीत. त्यात शनिवारी वडिलांचं वर्ष आहे. मिनहा, अरवितला (दुपारच्या, रात्रीच्या प्रार्थनेला) तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले तरच मला कद्दिश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना) म्हणता येतो. तो मी तुमच्या ‘हॅलो हॅलो’मध्ये म्हणू?
– अशदोदचे काका

काका, लोदला दहा जमतात हो. अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये दहावा मिळेना म्हणून सुट्टीवर गेलेल्या माझ्या नवऱ्याला भरल्या ताटावरून उठवून नेलं होतं. माणसं सगळी इकडे आली, तिकडे १९१०ची इमारत उरली. असो. गबायांना फोन कोणी केला? हॉलचं दरवर्षी मी बोलते. स्वयंपाकघर मांसाहारी भांड्यांचं आहे, मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही, म्हणून तुपातलं काही आणू नका. घरचंही नको. करंज्या विसरलात?
– लोदची मावशी

करंज्यांचा विषय संपलाय, पैसेही दिले. शेव-चिवडा रामल्याच्या दुकानातून घेऊ, कोशर (ज्यू आहारनियमांत बसतं असा) शिक्का बघून. लाडू रद्द.
– खजिनदार

दिवाळीला लाडू रद्द?? मलिद्याच्या नैवेद्याला तुम्ही पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा करताच ना, त्यात कुठे तूप असतं? पाकातले खोबऱ्याचे लाडू करा. लक्ष्मीचा फोटो ठेवायचा का?
– बेरशेवाहून

फोटो नको, मूर्तीही नको. पणत्या हवदालानंतर खुशाल लावा. लाडू मी करते, माझं स्वयंपाकघर गबायांना माहीत आहे. नारळ आणून द्या.
– मावशी

नारळाची पावती ठेवा.
– खजिनदार

काका, दहावा म्हणून मी येऊ?
– पोस्टडॉक

तू मोजणीत नाही धरता येत, ज्यू असावा लागतो. पण ये, टोपी घालून मागे बस. बायका वर सज्ज्यात बसतात, खाली जागा असते. आणि चपला काढू नकोस, मागच्या वेळी अनवाणी फिरत होतास.
– काका

सहा छापतोय.
– सेक्रेटरी

शब्बाथ सुटेपर्यंत बस नाही. रेहोवोतहून कोणाची गाडी आहे?
– पोस्टडॉक

माझी आहे, दोन जागा. पण पाचला निघणार.
– खजिनदार

मग मागच्या गल्लीत लावा. दारात नको.
– मावशी