सिमेंटचे पत्रे, विडी आणि फुफ्फुसाचा कॅन्सर

परळची लेक:
काल इथे एकांनी लिहिलं, 'अ‍ॅस्बेस्टॉसचा बाऊ कशाला? फुफ्फुसाचा कॅन्सर विडीने होतो, पत्र्याने नाही.' अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे सिमेंटच्या पत्र्यात घालतात तो खनिजाचा तंतू. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील कंत्राटदाराकडे लॅगिंगचं काम करायचे. गिरण्यांत बॉयलरच्या वाफेच्या नळ्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसचा पांढरा लगदा हाताने थापायचा आणि जुना झाला की ठोकून काढायचा. ठोकताना समोरचा माणूस दिसत नसे. तोंडाला फक्त रुमाल. संध्याकाळी आई त्यांचा सदरा गॅलरीत झटकायची. काम सुटून वीसेक वर्षं झाल्यावर कॅन्सर निघाला. हो, विडी ओढायचे. कागदावर तेवढंच आलं, 'तंबाखू'. काम काय करत होता, हे कुणी विचारलंच नाही.

हॅमंड आणि सेलिकॉफ यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांचे आकडे मांडले. ना अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ ना सिगारेट, अशा माणसाच्या तुलनेत नुसत्या धुळीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटने ११ पट, दोन्ही मिळून ५३ पट. म्हणजे विडी ओढणाऱ्याला ही धूळ जास्तच मारते. विडीचं नाव घेऊन धुळीला सोडून देऊ नका.

महाडचा पत्रेवाला:
ताई, वडिलांचं वाईट वाटलं. पण ते काम वेगळं, पत्रा वेगळा. पत्र्यात तंतू आठ-दहा टक्के, बाकी सिमेंट आणि राख. तोही पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू, निळ्या-तपकिरी प्रकारांपेक्षा शरीरातून लवकर निघून जातो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर लोक माझ्या दारात रांगा लावून उभे होते. त्यांना काय सांगायचं होतं, उघड्यावर राहा?

छातीचा डॉक्टर:
लवकर निघतो म्हणजे सुरक्षित, असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यासकट सगळ्या प्रकारांना कर्करोगकारक मानते. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली. कॅनडाने तर वर्षानुवर्षं खाणीतून काढून जगाला विकला आणि २०१८ मध्ये स्वतःकडे बंद केला. आपण अजून आयात करतो.

शाबूत बसलेल्या पत्र्याचा धोका फार कमी, हे मान्य. पण कापणाऱ्या पोरांचं काय? आमच्याकडे असे कामगार टीबी समजून त्याच्या गोळ्या खाऊन खाऊन शेवटी येतात.

दापोलीकर:
सगळे पत्र्यावर तुटून पडलात, पण कौलं का गेली ते कुणी बोलत नाही. माकडं! आमच्या वाडीत एका पावसाळ्यात तीनशे कौलं फुटली. शाकारणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. हौसेने नाही घातले पत्रे.

कौलवाला:
माकडं काय आज आली? आजोबांच्या काळीही होती. तेव्हा घरात माणसं होती, हाकलायला कुणीतरी असे. आता घरं बंद. मे महिन्यात येऊन 'पत्र्याखाली भाजतोय' म्हणता.

दापोलीकर:
मी बारा महिने गावात राहतो, तोंड सांभाळून बोला. वनखात्याला अर्ज देऊन चपला झिजल्या. तुम्ही या आणि हाकला आठ दिवस, मग कौलांचं प्रेम दाखवा.

कौलवाला:
बारा महिने राहता हे माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. पण कौलांखाली जाळी ठोकून पाहिलीत का? आमच्याकडे टिकली आहे.

दापोलीकर:
जाळीने कौल पडायचं थांबतं, फुटायचं नाही.

परळची लेक:
माकडांसाठी वेगळा धागा काढा, हात जोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवा. माझ्या वडिलांची तर हजेरीची चिठ्ठीही नव्हती. भरपाई मागायची कुठल्या कागदावर?

महाडचा पत्रेवाला:
कंत्राटी माणसाचं म्हणणं खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. आमच्याकडेही गिऱ्हाइकाला घाई असते, म्हणून पोरं ग्राइंडरने सुकाच पत्रा कापतात. ते बंद करतो. पाणी मारून, हातकरवतीने. पत्रा मात्र विकणार, घर चालवायचंय.

दापोलीकर:
आमच्या शाळेमागे वादळातल्या तुकड्यांचा ढीग अजून पडलाय. पोरं त्यावर उड्या मारतात. काय करू?

छातीचा डॉक्टर:
झाडू नका, फोडू नका. भिजवून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि पंचायतीला लेखी कळवा. पोरांना आजच्या आज तिथून हटवा.

परळच्या ताई, सदरा झटकण्याचं तुम्ही ओघात लिहून गेलात. असे कपडे झटकणाऱ्या, धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झालेले आहेत. आई आहेत ना? दम लागतो का त्यांना?

परळची लेक:
आहे. जिना चढताना लागतो. आम्ही वयाचं समजत होतो. या आठवड्यात छातीचा फोटो काढायला नेते, आणि सदऱ्याचं केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.