मदत हवी आहे: तेल वाढवल्यापासून चारा नीट पचत नाहीये
मांसासाठी वाढवत असलेल्या गोऱ्ह्यांच्या खुराकात सरकी होतीच, वर सोयातेल सुरू केलं. तेव्हापासून शेण पातळ, तेलकट, आणि त्यात चाऱ्याचे लांब तुकडे तसेच दिसतात. एकूण स्निग्धांश शुष्क आहाराच्या (पाणी वगळून उरणाऱ्या खाद्याच्या) ६-७ टक्क्यांवर गेला की कोठीपोटातले (गुरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, हे माहीत आहे. माझा हिशेब तिथेच येतोय.

तेल बंद करून बायपास फॅट (कॅल्शियमशी जोडलेली चरबी) द्यावं का? कॅल्शियममुळे ते कोठीपोटात फारसं विरघळत नाही, पण धान्य जास्त असून आम्लता वाढली तर ते तिथेच विरघळेल का? ई जीवनसत्त्व तेलासोबत वाढवलंय, त्याबद्दल शंका नाही. नियासिनचं (बी३ जीवनसत्त्वाचं) मात्र कळत नाही. बी गटातली जीवनसत्त्वं जिवाणूच बनवतात ना, मग वरून देऊन चाऱ्याचं पचन सुधारतं का? कुणी देऊन पाहिलंय?